एक पंगत, अनेक वहिवाटी

रेवदंड्याच्या कोटातून दक्षिणेकडे पाहिले असता कुंडलिकेच्या मुखापलीकडे जो डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो, त्याच्या पायथ्याशी कोर्लई हे गाव वसले आहे; आणि त्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरोघर जी बोली चालते, तिच्यातील शब्द बव्हंशी पोर्तुगीज असले तरी वाक्याची ठेवण मराठी वळणाची आहे, म्हणजे क्रियापद आपल्याप्रमाणे शेवटी येते. चौलच्या या मुलखातून पोर्तुगिजांचा अंमल 1740 साली उठला, डोंगरावरील किल्ला मराठ्यांकडे आला, पुढे तोही ओस पडला. परंतु राज्यकर्ते निघून गेल्यावरही त्यांच्या भाषेतून उपजलेली ही बोली गावकऱ्यांनी टाकली नाही. घरात ही बोली, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांशी मराठी, आणि ज्या रोमन ख्रिस्तसभेचे हे लोक सभासद, तिची उपासना शतकानुशतके लॅटिनमध्ये, असा हा त्रिविध व्यवहार कोणालाही विसंगत वाटला नाही. धर्म एक असला म्हणजे आचार, भाषा आणि रीत हीही एकच असली पाहिजेत काय, या प्रश्नाला कोर्लईने आपल्यापुरते उत्तर देऊन टाकले आहे. मात्र प्रश्न कोर्लईहून फार जुना आहे आणि ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीलाच तो पडला होता.

प्रारंभी ख्रिस्ती मंडळी एकजीव होती आणि कालांतराने मतभेदांनी तिचे तुकडे झाले, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. धर्मसंस्थेच्या इतिहासाकडे सुवर्णयुगाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ती सोयीची असली, तरी नव्या करारातील कागदच तिच्याविरुद्ध साक्ष देतात. भेद आरंभापासून होते, आणि बरेच तीव्र होते. ऐक्य ही वारशाने मिळालेली मिरास नसून वाटाघाटींनी, तडजोडींनी आणि प्रसंगी उघड भांडणांनी मिळवलेली गोष्ट होती.

पहिला वाद समजून घेण्यास आपल्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कुलाब्यात ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या या लोकांनी यहुदी जगाच्या केंद्रांपासून तुटलेले असतानाही शब्बाथ, सुंता आणि आहाराचे निर्बंध ही तीन लक्षणे जिवापाड जपली. अलिबागच्या इस्रायल आळीतील प्रार्थनामंदिराकडे पाहताना हे ध्यानात घ्यावे की, येशूचे पहिले अनुयायीही याच तीन लक्षणांनी ओळखले जाणारे यहुदी होते. आपण नवा धर्म काढीत आहोत अशी त्यांची भावना नव्हती. पुढे अंत्युखियासारख्या व्यापारी शहरांत ग्रीक व सीरियाई लोक या पंथात येऊ लागले, तेव्हा पेच उभा राहिला: या नवागतांनी आधी सुंता करून यहुदी व्हावे, की ख्रिस्तावरील विश्वास पुरेसा मानावा? ज्या समाजाने ही चिन्हे शतकानुशतके जपून आपले अस्तित्व टिकवले, त्याच्या दृष्टीने ती सोडणे म्हणजे काय, हे कुलाब्याच्या वाचकाला निराळे सांगावे लागत नाही.

सुमारे इ. स. 49 मध्ये यरुशलेमेत प्रेषितांची आणि वडिलांची जी सभा भरली, तिचा वृत्तांत ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात आहे. पेत्र आणि पौल बोलले, पौलाचा सहकारी बर्णबा याने साक्ष दिली, आणि अखेरीस यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख याकोब याने निवाडा दिला की, परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे लादू नये; मात्र मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार यांपासून त्यांनी दूर राहावे. या चार अटींपैकी तीन अन्नासंबंधी आहेत ही गोष्ट सूचक आहे. यहुदी आणि ग्रीक यांना एका पंक्तीला बसता यावे, एवढ्यापुरताच उभय पक्षांनी संकोच सोसावा, असा त्या ठरावाचा मथितार्थ दिसतो. पंक्तिभेद ही काय चीज आहे हे ज्या महाराष्ट्राने अनुभवले, त्याला या निवाड्याचे मर्म युरोपीय भाष्यकारांपेक्षा लवकर उमगावे.

परंतु ठराव झाला म्हणून व्यवहार सुधारला असे नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने अंत्युखियातील एक कटू प्रसंग आडपडदा न ठेवता नोंदवला आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून उठला, त्याच्यामागून इतर यहुदीही उठले, इतकेच नव्हे तर बर्णबाही वाहवत गेला. आणि पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला दोष दिला. मंडळीच्या दोन आधारस्तंभांमधील हे भांडण पुढच्या पिढ्यांनी दडपून टाकले नाही, धर्मग्रंथात ठेवले, यावरून त्या समाजाच्या आत्मविश्वासाची कल्पना येते. हाच पौल रोमकरांना लिहिताना मात्र सौम्य होतो: कोणी मांस खातो, कोणी केवळ भाजीपाला खातो, कोणी एखादा दिवस पवित्र मानतो, कोणास सर्व दिवस सारखे, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी आणि दुसऱ्याला तुच्छ लेखू नये. अंत्युखियात त्याचा आवाज चढला होता तो कोणी काय खाल्ले म्हणून नव्हे; तेथे एक जण दुसऱ्याच्या शेजारून उठून गेला होता.

करिंथ येथील मंडळीचे दुखणे याहून निराळे होते. तेथे कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा (म्हणजे पेत्राचा). त्याहून वाईट म्हणजे प्रभुभोजनाच्या वेळी संपन्न लोक आधीच पोटभर जेवून घेत आणि मागाहून येणारे गरीब उपाशी राहत. या प्रकारावर पौलाने जे ताडन केले आहे ते तत्त्वमतांच्या भेदावरील टीकेपेक्षा कठोर आहे. मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी करिंथकरांना त्याने जो सल्ला दिला, तो यरुशलेमच्या अटीपेक्षा सैल आहे. ज्ञानी माणसाने ते खाल्ले तरी बिघडत नाही, पण त्यामुळे दुर्बळ बंधूच्या मनाला ठेच लागत असेल तर ते टाळावे.

दुसऱ्या शतकात वादाचा विषय बदलला. आशिया मायनरमधील मंडळ्या यहुदी पंचांगाप्रमाणे निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, वार कोणताही असो, पुनरुत्थानपर्वाचा उपवास सोडीत; रोममध्ये तो रविवारीच सुटे. सुमारे 155 साली स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला असता तेथील बिशप अनिकेतस याच्याशी या विषयावर त्याचे एकमत झाले नाही. तरीही अनिकेतसने त्याला सन्मानपूर्वक आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालविण्यास सांगितले आणि दोघे सलोख्याने निरोप घेते झाले. चाळीसेक वर्षांनी रोमचा बिशप व्हिक्टर याने रोमची वहिवाट हीच सर्वांची वहिवाट असा आग्रह धरून आशियातील मंडळ्यांना बहिष्कृत करण्याचा घाट घातला, तेव्हा गॉलमधील लियोंचा बिशप इरेनियस याने त्याला पत्र लिहून पॉलिकार्पाच्या या भेटीचे स्मरण दिले आणि उपवासातील भेदामुळे श्रद्धेतील ऐक्य उलट उठून दिसते, असा युक्तिवाद केला. इरेनियस स्वतः रविवारचा पक्षपाती होता हे विशेष.

याच इरेनियसाच्या काळात शुभवर्तमाने किती मानावीत हा प्रश्नही निकालात निघाला. मार्शियन नावाच्या धनाढ्य आचार्याने यहुदी शास्त्र समूळ टाकून लूकच्या शुभवर्तमानाची छाटलेली एकच प्रत पुढे केली. सीरियाई तातियानाने चारही वृत्तांत गुंफून एक अखंड कथा सिद्ध केली, आणि ती सीरियाई मंडळ्यांत पाचव्या शतकापर्यंत वाचलीही गेली. विसंगतीपासून सुटण्याचे हे दोन्ही मार्ग सोपे होते. तथापि मंडळीने अखेर मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांचे चार परस्परभिन्न वृत्तांत शेजारी शेजारी ठेवण्याचा अवघड पर्याय पत्करला. विविधतेलाही सीमा होती, हे मार्शियनच्या हकालपट्टीवरून दिसते. पण त्या सीमेच्या आत एकाच घटनेच्या चार साक्षी राहू शकत होत्या.

हा सारा इतिहास भूमध्य समुद्राकाठचा झाला. परंतु रोमन साम्राज्याच्या सरहद्दीबाहेरही मंडळ्या होत्या, आणि त्यांचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉसमस याने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची जी यादी दिली, तिच्यात कल्याण आणि त्यालगोलग सिबोर ही नावे येतात. सिबोर म्हणजे आपले चौल असे बहुतेक संशोधक मानतात. कल्याणास इराणातून नेमलेला बिशप असे, अशीही त्याची नोंद आहे. पूर्वेची ही मंडळी सीरियाई भाषेत उपासना करी, इराणी बादशहाच्या मुलखात नांदत असे, आणि इ. स. 431 च्या एफेसच्या परिषदेत नेस्तोरियस या आचार्याला पाखंडी ठरविण्यात आले तो निर्णय तिने मान्य केला नाही; यामुळे रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्या दफ्तरी तिची नोंद भ्रष्ट पंथ अशीच झाली. कॉसमसला मात्र या मंडळीचे आचार्य मार आबा यांच्याकडून शिक्षण घेण्यात काही वावगे वाटले नाही.

या दुराव्याची एक करुण कथा ठाण्यात घडली. 1321 साली लॅटिन परंपरेतील चार फ्रान्सिस्कन भिक्षू ठाण्यास उतरले आणि तेथील नेस्तोरियन, म्हणजे याच पूर्वेच्या मंडळीच्या, कुटुंबात त्यांनी आश्रय घेतला. स्थानिक काजीसमोर धर्मवादात सापडून ते मारले गेले. थोड्याच काळाने तेथे आलेला ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला, आणि ज्या नेस्तोरियनांनी त्याच्या बंधूंना घरात घेतले होते त्यांच्या पंधरा घरांची नोंद करताना त्याने त्यांना फुटीर आणि पाखंडी म्हटले. आश्रय देणाऱ्याने पाहुण्याचे मत विचारले नव्हते; पाहुण्याच्या परंपरेला मात्र यजमानाचे मतच प्रथम दिसले.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले ते या जुन्या वृत्तीला राजसत्तेची जोड घेऊनच. निजामशहाच्या परवानगीने 1521 साली चौलास त्यांचे ठाणे पक्के झाले आणि रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन या चारही संघांचे मठ उभे राहिले. चार संघांच्या चार शिस्ती एका तटाच्या आत निमूटपणे चालत, कारण त्या सर्वांवर छत्र एकच होते. हेच औदार्य त्या छत्राबाहेरच्यांना लाभले नाही. 1594 साली कोर्लईचा डोंगर पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून जिंकला, आणि पाचच वर्षांनी गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने केरळातील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील प्राचीन थॉमस ख्रिस्त्यांच्या सीरियाई रीती रोमच्या साच्यात बसविण्याचे फर्मान काढले. त्यांचे अनेक ग्रंथ जाळण्यात आले. परिणाम काय झाला? 1653 साली मट्टणचेरीस हजारोंनी शपथ घेऊन हा अंमल झुगारला, आणि एकसंध असलेला समाज तेव्हापासून फुटला तो फुटलाच. व्हिक्टरने जे करू पाहिले ते मेनेझिसने करून दाखवले. त्याला थांबविणारा इरेनियस तेवढा नव्हता.

एकरूपतेच्या या आग्रहाचे प्रायश्चित्त विसाव्या शतकात अनेक ठिकाणी घेतले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांतील उपासनेस मोकळीक दिली आणि रोमन ख्रिस्तसभेत मराठी मिस्सा रूढ झाली. प्रोटेस्टंटांच्या बाबतीत सर्वांत विलक्षण प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात, पार पडला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्ट अशा परंपरांतील मंडळ्या चार दशकांच्या वाटाघाटींनंतर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या नावाने एक झाल्या. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या वयात स्वतः कबुली देणाऱ्यालाच द्यावा, या प्रश्नावर युरोपात माणसे बुडवून मारली गेली होती. नागपूरच्या सनदेने दोन्ही रीती ग्राह्य धरल्या. एक मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली हेही नमूद केले पाहिजे, कारण ऐक्याचे कागद कधीच सर्वांच्या सहीने पुरे होत नाहीत.

आद्य मंडळीकडून आजच्या वाचकाने काही घ्यावयाचे असेल, तर ते तिच्या कल्पित एकमतातून घेऊ नये. तसे एकमत तेथे नव्हतेच. सणाचा दिवस, ताटातील अन्न, उपासनेची भाषा आणि वृत्तांताचे तपशील यांत तिने भेद सोसले. पंक्तीतून उठून जाणे आणि गरिबाला उपाशी ठेवून स्वतः जेवणे हे मात्र तिने सोसले नाही. पुढच्या शतकांत हा क्रम उलटला: पंक्तीतील अन्याय क्षम्य ठरला आणि रीतीतील भेद अक्षम्य. जेथे जेथे तसे झाले, तेथे तेथे मंडळी मोठी दिसली तरी फुटत गेली. ऐक्याची खरी कसोटी पाहावयाची तर शेजारी बसलेला आपल्यासारखी प्रार्थना करतो की नाही हे न विचारता, त्याच्या ताटात पुरेसे वाढले आहे की नाही हे आधी विचारावे. हा निकष पौलाने करिंथकरांना सांगितला तेव्हा जितका अवघड होता तितकाच तो आजही आहे, आणि तो एकट्या ख्रिस्ती मंडळीपुरता मर्यादित नाही.