पदवीनंतर पाच वर्षांनी

इंग्लंडमधल्या शाळेच्या नोंदवहीत मुलाचे नाव, जन्मतारीख, लिंग आणि घराचा पोस्टकोड असतो. करखाते माणसाला ओळखते ते नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाने, आणि तो मिळतो वयाची सोळा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास. शाळेच्या दप्तरात तो नसतोच. तरीही त्या शाळेतली मुले पुढे काय शिकली आणि शिकून किती कमावतात, हे तिथल्या शिक्षण खात्याला सांगता येते.

या व्यवस्थेचे नाव ‘लाँजिट्युडिनल एज्युकेशन आउटकम्स’, थोडक्यात ‘लिओ’. एका बाजूला शाळा, कॉलेज आणि विद्यापीठांच्या नोंदी, दुसऱ्या बाजूला पगार, कर आणि सरकारी भत्त्यांच्या. २०१५ च्या एका कायद्याने ही सांगड घालण्याची वाट मोकळी झाली. २०१७ च्या जूनमध्ये विद्यापीठवार आणि विषयवार आकडे जाहीर झाले.

सांगड घालणे हे चिकाटीचे काम. नाव, जन्मतारीख, लिंग, पोस्टकोड असे सगळे तंतोतंत जुळले तर प्रश्न मिटला. खरी कसोटी उरलेल्या नोंदींची. समजा, शाळेत ‘कॅथरिन’ असलेली मुलगी नोकरीच्या कागदावर ‘केट’ झाली, लग्नानंतर आडनाव बदलले, घरही बदलले. ती जुळावी म्हणून अट सैल केली, की एकाच नावाच्या आणि जन्मतारखेच्या दोन माणसांची गल्लत होण्याचा धोका वाढतो. अट आवळली, तर वारंवार भाड्याची घरे बदलणारी कुटुंबे आणि आडनाव बदललेल्या बायका गळतात. ज्यांचे पुढे काय झाले हे कळणे सर्वांत गरजेचे, नेमकी तीच माणसे निसटण्याची भीती इथे असते. म्हणून किती टक्के नोंदी जुळल्या एवढ्यावर थांबून चालत नाही; कोण जुळले नाही, हेही तपासावे लागते.

जुळणी झाली की नावे काढून टाकतात. बाहेरच्या अभ्यासकांना परवानगी घेऊन सुरक्षित संगणक-व्यवस्थेतच काम करावे लागते आणि तिथून कुठलाही तक्ता तपासणीशिवाय बाहेर पडत नाही.

मग प्रश्न येतो, नोकरी कशाला म्हणायचे? लिओचा पगारदारांसाठीचा नियम असा: ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांपैकी पाच महिन्यांत किमान एकेक दिवस तरी पगारी कामाची नोंद हवी. उन्हाळ्यात पदवी मिळाल्यावर पहिले पूर्ण करवर्ष धरतात, त्यामुळे २०१४-१५ च्या पदवीधरांचे ‘एक वर्षानंतरचे’ उत्पन्न म्हणजे २०१६-१७ चे.

लिओतल्या पगाराच्या आकड्यांत कामाचे तास मात्र नसतात. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस काम करणारी आई आणि कमी पगारावर पूर्णवेळ राबणारा तरुण आकड्यांत सारखेच दिसू शकतात. लंडनमधला पगार आणि ईशान्य इंग्लंडमधल्या गावातला पगार यांची नुसती तुलनाही फसवी, म्हणून पुढच्या प्रकाशनांत पदवीधर कुठे राहतात याचा हिशोब धरला गेला. आणि शिक्षण संपवून पुण्याला परतलेली विद्यार्थिनी? ब्रिटिश करखात्याच्या दृष्टीने तिची कमाई नाहीच. ती बेकार नसते, फक्त दिसत नाही.

इतक्या मर्यादा असूनही या नोंदींतून मोलाचे काही कळते. ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संशोधन संस्थेने लिओवरून केलेल्या २०२० च्या अभ्यासाचा अंदाज होता, की पदवीमुळे आयुष्यभरात, कर वगैरे जाऊन, पुरुषांना सरासरी सुमारे १,३०,००० आणि स्त्रियांना १,००,००० पौंडांचा फायदा होतो, पण पाचांतल्या एका विद्यार्थ्याला पदवी न घेणेच पैशांच्या दृष्टीने बरे ठरले असते. बारावीनंतर कर्ज काढायला निघालेल्या मुलाला हे आधी कळायला हवे. मात्र याच आकड्यांवरून चित्रकलेचा वर्ग बंद करणे गैर आहे. परिचारिका आणि शिक्षक किती कमावतात यावर त्यांच्या शिक्षणाचे मोल ठरत नाही.

आणि आपल्याकडे? भारतात शिक्षणसंस्थांच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीसाठी पदवीधरांच्या पगाराचा मध्यांक कॉलेजेच कळवतात. विद्यार्थ्याचा ‘अपार’ क्रमांक बारा अंकी, भविष्यनिर्वाह निधीचा ‘यूएएन’ही बारा अंकी. उद्या हे दोन्ही क्रमांक लिओसारखे जोडले, तरी निधीत नाव असलेलेच त्यात दिसतील. वडिलांच्या दुकानात बसलेली बी.कॉम. मुलगी, शेतीकडे वळलेला कृषी पदवीधर, रोजंदारीवरचा आयटीआय फिटर यांच्यासाठी कॉलेजांना माजी विद्यार्थ्यांची घरेच गाठावी लागतील, आणि त्या सर्वेक्षणाचा खर्च अशा योजनेच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा.