फियाटला साणे

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना एक देखावा नक्की आठवत असेल. मे महिन्यातली दुपार, खंडाळ्याचा नाहीतर खंबाटकीचा घाट, आणि वळणावर कडेला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट. घरचे कर्ते पुरुष इंजिनाच्या कुशीतल्या एका छोट्या पंपावर ओले फडके ठेवून त्याच्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहत आहेत, मुले डब्यातल्या दशम्या संपवत आहेत आणि मागच्या सीटवरून आवाज येतो आहे, "तरी मी म्हणत होते, एसटीनं जाऊ!" अर्ध्या तासाने गाडी आपली आपणच सुरू व्हायची, आणि त्यात आपला हात किती व फडक्याचा किती यावर पुढचा प्रवास वादात जायचा.

श्रेय खरोखर फडक्याचेच होते. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनाला चिकटलेला एक यांत्रिक पंप टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. मेकॅनिक मंडळी त्याला 'एसी पंप' म्हणतात. इंजिन तापले, की पंप आणि त्याला जोडलेली नळीही तापते. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे भरतात. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ ढकलता येत नाही. ती नुसती दाबली जाते आणि पुन्हा फुगते. इंजिन उपाशी राहते आणि बंद पडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. हा कुणा एका कारखान्याचा दोष नव्हे. त्या पिढीच्या अनेक गाड्यांना हे दुखणे होते, आणि आपल्याकडचा उन्हाळा व घाट ते वाढवत होते.

आमच्या घरातली फियाट ११०० डिलाइट १९७१ सालची. ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनू लागली. तिचाच अवतार पुढे 'पद्मिनी' या नावाने घरोघरी पोचला आणि मुंबईची काळी-पिवळी झाला. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाल्या. आमची मात्र अजून चालते. वडील वाईला डॉक्टर होते. रात्री-अपरात्री याच गाडीतून ते खेड्यापाड्यांत जात. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे पुण्याला आली. आई वाईतच राहते, आणि महिन्यातून एकदा फियाटनेच तिला भेटायला जायचे, हा आमच्या घरचा रिवाज आहे.

गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत हा रिवाज अवघड होऊ लागला. पूर्वी गाडी घाटात थकायची, आता ती कात्रज ओलांडायच्या आधीच सिग्नलला थकू लागली. धावत्या गाडीच्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. रांगेत उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार, आणि पंखा ढकलतो ती गरम हवा बॉनेटखालीच कोंडून राहते. त्यात पेट्रोलही बदलले. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल एकटे ७८ अंशांना उकळते, पण पेट्रोलच्या काही घटकांत मिसळले, की ते मिश्रण त्याआधीच वाफ होऊ लागते. जुन्या गाडीच्या नळ्यांना हे मानवत नाही.

धाब्याच्या घरांना छपरात साणे असते. चुलीचा धूर आणि उष्मा वर चढतो आणि साण्यातून निघून जातो. गाडीला तसे साणे का नसावे, हा प्रश्न काही मला पहिल्यांदा पडलेला नाही. १९२०-३० च्या दशकांतल्या गाड्यांच्या बॉनेटच्या दोन्ही कुशींना उभ्या फटींच्या ओळी असत. फियाटच्याच १९५७ च्या छोट्या ५०० या गाडीत इंजिन मागे होते आणि त्याच्या झाकणाला फटी होत्या. १९६१ साली आलेल्या जग्वार ई-टाइपच्या लांबलचक बॉनेटवरही त्या आहेत. अगदी सुरुवातीच्या ई-टाइपमध्ये त्या वेगळ्या करून वेल्डिंगने बसवलेल्या होत्या, नंतर बॉनेटच्याच पत्र्यात दाबून काढल्या जाऊ लागल्या. इंग्रजीत त्यांना लूव्हर म्हणतात. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना तिरक्या फळ्यांची झिलमिल असे, तोच हा प्रकार, पत्र्यातला.

हे सगळे मी आईला उत्साहाने सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अरे, त्या बॉनेटवर हात ठेवून तुझे वडील पेशंटच्या घरच्यांशी बोलायचे. त्याला तू भोकं पाडणार?"

यावर मला उत्तर नव्हते. शिवाय प्रश्न भावनेपुरताही नव्हता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, ही त्यातली अट आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचे बॉनेट कापणे म्हणजे तिचे जन्मप्रमाणपत्र फाडण्यासारखे. पण न कापावे, तर ती उन्हाळ्याचे चार महिने झाकून ठेवायची, आणि न चालणारी गाडी मूळ स्वरूपात राहून तरी कुणाच्या उपयोगाची? वडिलांची आठवण बॉनेटच्या पत्र्यात आहे, की वाईच्या फेऱ्यांत, असा तो पेच होता.

तोड निघाली ती साधी. दुसरे बॉनेट आणायचे. टॅक्सी भंगारात निघाल्या तेव्हा त्यांचे सुटे भाग बाजारात आले होते. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या दुकानांतून एक बॉनेट मिळाले, काळ्या रंगाचे आणि एका कोपऱ्यात पोचा आलेले. जिथे बनले त्याच उपनगरातून ते आमच्याकडे आले. मूळ बॉनेट चार बोल्ट काढून अलगद उतरवले आणि जुन्या गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. हवे तेव्हा तासाभरात परत बसेल.

पत्र्याला करवत लावण्याआधी एक पथ्य पाळले, ते इतरांनीही पाळावे. साणे हे आजारावरचे औषध नव्हे. रेडिएटर गाळाने भरला असेल, पट्टा सैल असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, तर बॉनेटची चाळणी केली तरी इंजिन तापणारच. म्हणून आधी रेडिएटर साफ करून घेतला, इंजिनाचे टायमिंग तपासले, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवली आणि इथेनॉलला टिकणारी नवी बसवली. इतके करून जो उष्मा उरला, त्याच्यासाठी साणे.

आता ते कुठे पाडायचे? सहज बुद्धी सांगते, मागे, काचेजवळ. ती चूक ठरते. धावत्या गाडीच्या नाकावरून वर चढताना हवा वेग घेते आणि तिथे दाब उतरतो. पुढे ती समोरच्या काचेच्या मुळाशी अडते, रेंगाळते आणि तिथे दाब वाढतो. पुष्कळ गाड्यांत आतल्या माणसांसाठी ताजी हवा तिथूनच घेतात, ती याचसाठी. तिथे फट ठेवली, तर गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा आत घुसेल.

हे पुस्तकातले ज्ञान घरी तपासता येते. बायकोच्या विणकामातली पांढरी लोकर घेतली, बोटभर लांबीचे चाळीस तुकडे केले आणि प्रत्येकाचे एक टोक चिकटपट्टीने बॉनेटवर लावले. पहाटे मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने गाडी चालवली. शेजारी बसून मुलीने मोबाइलवर चित्रण केले. पुढच्या भागातली लोकर भांग पाडल्यासारखी सरळ मागे झोपली होती. काचेजवळचे तुकडे मात्र गोंधळलेल्या पाहुण्यांसारखे कधी आडवे, कधी चक्क उलटे वळत होते. "बाबा, इथे नको, त्या सरळवाल्यांच्या इथे करा," मुलीने निकाल दिला. मग बॉनेट उलटे करून आतल्या आधारपट्ट्या खडूने आखल्या. त्या पट्ट्या बॉनेटचा कणा असतात, त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पत्र्यात सहा-सहा लूव्हर ठरवले. प्रत्येकाची लांबी १० सेंटिमीटर, उघडझाप १ सेंटिमीटर. बारांची मिळून जागा १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढी. तेवढी पुरते.

कारखान्यात हे काम दाबयंत्र एका ठोक्यात करते. घरी ठोके पुष्कळ लागतात. जुन्या पलंगाच्या शिसवी पायाचे दोन ठोकळे केले. खालच्यात लूव्हरच्या आकाराचा खळगा कोरला आणि त्याच्या सरळ काठाला लोखंडी पट्टी जडवली. वरचा ठोकळा त्या खळग्यात बसेल असा घासला. पत्र्यावर रेघ आखून तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे भोक पाडायचे, मग त्या दोहोंमध्ये करवतीच्या पात्याने चीर द्यायची. टोकांची भोके फार महत्त्वाची. चीर नुसती कापून सोडली, तर ठोकताना पत्रा तिथून फाटत जातो. गोल भोकाशी फाटणे थांबते. चीर खळग्याच्या सरळ काठावर येईल असे बॉनेट पालथे ठेवायचे, घट्ट क्लॅम्प करायचे आणि वरच्या ठोकळ्यावर मोगरीने हलके ठोके देत पत्र्याचा एक ओठ खळग्यात उतरवायचा.

ठोकायचे कसे, हे आमच्या ओळखीच्या डेंटिंगवाल्या मिस्त्रींनी शिकवले. आधी भंगार पत्र्यावर आठवडाभर सराव करून घेतला. "साहेब, पत्र्याला घाई कळते," ते म्हणत. लूव्हर तयार होताना पत्रा ताणला जातो आणि ताण शेजारी पसरतो. एकाच टोकाकडून ओळीने ठोकत गेले, तर सगळे बॉनेट फुगते आणि बोटाने दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखे टपटप वाजते. म्हणून एक डावीकडचा, एक उजवीकडचा, असे आलटून पालटून करायचे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत हंड्याला मठारकाम करतात, तिथेही ठोके असेच फेर धरून पडताना दिसतात. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे, आणि दुपारी दोन ते चार मोगरी बंद. शेवटची अट सोसायटीची.

बारा लूव्हरना चार रविवार लागले. प्रत्येक काठ कानशीने गोल केला, कारण बॉनेट पुसणाऱ्याचे बोट तिथून फिरणारच. फटींच्या आतल्या बाजूला ब्रशने प्रायमर भरला. गंज आधी तिथेच लपतो. सगळ्या फटींची तोंडे मागे काचेकडे आहेत, त्यामुळे धावताना पाऊस आत येत नाही. उभ्या गाडीत थोडा येतो. त्यासाठी फटींखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पन्हळ बसवली. तिच्यातले पाणी डिस्ट्रिब्यूटर टाळून कडेला जाते. मग पुढचा प्रश्न आला रंगाचा. मूळ बॉनेटवरच्या झिजलेल्या राखाडी छटेशी मेळ घालायला रंगाऱ्याने तीन वेळा मिश्रण केले.

फरक किती पडला? पंपाजवळ तापमापकाची तार बांधून आधी आणि नंतर, सारख्याच दुपारी, दहा मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवून पाहिले. आधी ६८ अंश, नंतर ५९. नऊ अंश म्हणजे चमत्कार नव्हे, पण नळीत द्रव राहणे आणि वाफ होणे यांमध्ये अंतर तेवढेच असते. सिग्नलला उभे राहिले, की फटींवरची हवा मृगजळासारखी थरथरताना दिसते. एरवी आत कोंडणारा उष्मा तो हाच.

मे महिन्यात खंबाटकी एका दमात चढलो आणि सुरूर फाट्यावरून वाईला वळलो. आईने अंगणात येऊन नव्या बॉनेटवरून हात फिरवला, फटी मोजल्या. "खिडक्या बऱ्या आहेत," म्हणाली, "पण जुनं टाकलं नाहीस ना?" माळ्यावर आहे म्हटल्यावर तिने गोधडी कोणती वापरली, हे विचारले. सांगितल्यावर नाराज झाली. तिच्या मते ती गोधडी बॉनेटपेक्षा जुनी होती.