सहापैकी दोन

३० ऑगस्ट २००६. कॅलिफोर्नियाच्या आकाशात एक बोइंग ७०७ इंधनवाहू टँकर उडत होता. त्याच्या मागे लोंबणारा लांबलचक होज, होजच्या टोकाला जेमतेम ८० सेंटिमीटर रुंदीची बास्केट. मागून नासाचं एफ/ए-१८ लढाऊ विमान इंधन घेण्याची नळी, म्हणजे प्रोब, पुढे काढून इंचाइंचाने सरकत होतं. कॉकपिटमध्ये वैमानिक होता, पण विमान तो चालवत नव्हता. काही बिनसलं तरच त्याने हात घालायचा, असं ठरलं होतं.

मानवरहित विमानाला झोप येत नाही की पाठ धरत नाही. त्याला खाली उतरवते ती रिकामी टाकी. ती हवेतच भरता आली तर? अमेरिकेची संरक्षण संशोधन संस्था डार्पा आणि नासाचं ड्रायडन केंद्र याचं उत्तर शोधत होती.

टँकर कुठे आहे, हे जीपीएस सांगत होतं. पण बास्केट वाऱ्यावर झुलत होती. तिच्यावर नजर ठेवायला कॅमेरा लागला. खरी मेख त्यापुढे होती. विमानाचं नाक जवळ आलं की त्याने रेटलेली हवाच बास्केटला बाजूला ढकलते. तळ्यातलं पान धरायला हात घालावा आणि हाताच्याच लाटेने ते लांब जावं, तसं. म्हणून वैमानिकांना शिकवलं जातं: बास्केटचा पाठलाग करू नका. हुकलं, तर मागे या.

आता हा संयम संगणकाने दाखवायचा होता.

त्या दिवशी सहा प्रयत्न झाले. चार हुकले, पण हुकल्याचं संगणकाने स्वतःच ओळखलं आणि विमान सुरक्षित अंतरावर मागे घेतलं. दोनदा प्रोब बास्केटमध्ये नेमका बसला. माणसाचा हात न लागता हे प्रथमच घडत होतं. दोन यशांनी हे शक्य असल्याचं दाखवलं. यंत्रावर विसंबता येईल, हे दाखवलं चार माघारींनी.

पुढच्या वर्षी वळण घेणाऱ्या टँकरमागेही हे जमलं. २२ एप्रिल २०१५ रोजी चेसापीक उपसागरावर अमेरिकी नौदलाच्या एक्स-४७बीने १,८०० किलोहून अधिक इंधन घेतलं. त्या विमानाला तर कॉकपिटच नव्हतं.

नंतर मात्र नौदलाने वेगळीच वाट धरली. ४ जून २०२१ रोजी मानवरहित एमक्यू-२५ने टँकर होऊन सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानाला इंधन पाजलं. होज यंत्राचा होता. बास्केट साधत होता माणूस.