सहलीसाठी कॅमेरा घेताना

मांडूच्या रूपमती मंडपात उभे राहिले म्हणजे विंध्याचा कडा पायाशी तुटतो, खाली निमाडची सपाटी पसरते आणि हवा निवळ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ दिसते. नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून राणी रूपमती अन्नग्रहण करीत नसे, अशी आख्यायिका आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून आम्ही सहकुटुंब तेथे गेलो, तेव्हा आमच्या आत्याबाई मात्र खाली मोटारीतच बसून राहिल्या. गुडघ्यांमुळे चढण त्यांना अशक्य. "मला रेवामाईचा फोटो तेवढा काढून आण रे," एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या गळ्यात साठपटांहून अधिक झूमचा कोरा करकरीत कॅमेरा होता. मी मोठ्या ऐटीत होकार दिला.

अकरा छायाचित्रे काढली. एकातही नदी नव्हती. होता तो नुसता करडा पडदा.

दोष यंत्राचा नव्हता, माझ्या समजुतीचा होता. झूम वाढविला म्हणजे दूरची वस्तू मोठी होते हे खरे; पण तिच्याबरोबर मधल्या हवेतील धूळ, बाष्प आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारी थरथर हीही तितकीच मोठी होतात. कितीही महाग भिंग घेतले तरी ते मधली हवा पुसून काढू शकत नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही. तेथे समोरच्या इमारतीवरील पाटी जवळ ओढून दाखवितात आणि गिऱ्हाईक खूष होते. मीही झालो होतो.

'साठपट' हा आकडा म्हणजे निव्वळ भागाकार आहे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने पॅनासॉनिकच्या एफझेड ८२ (२०१७) या कॅमेऱ्याचे भिंग २० पासून १२०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणून साठपट. कॅननच्या एसएक्स ७० (२०१८) चे २१ ते १३६५, म्हणून पासष्टपट. निकॉनचा पी १००० (२०१८) २४ पासून ३००० पर्यंत, म्हणजे सव्वाशेपट जातो; परंतु त्याचे वजन सुमारे १४०० ग्रॅम भरते. चंद्रावरील विवरे पाहण्याची हौस असेल तर तो जरूर घ्यावा. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात नातू धरून किल्ले चढणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

माझ्या मते सहलीला जाणाऱ्याने मोठ्या आकड्याआधी लहान आकडा पाहावा. मुंज आणि कपूर या तलावांमध्ये जहाज महाल लांबच लांब पसरला आहे आणि मागे सरकायला जागा थोडी. दहा मीटरांवरून २० च्या भिंगात सुमारे सतरा मीटर रुंदीचा देखावा मावतो, २४ च्या भिंगात सुमारे चौदा. धर्मशाळेच्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या गोतावळ्यालाही हाच हिशेब लागू पडतो. (१८७० च्या दशकात इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला. मध्य भारतातील स्मारके ते काचेच्या प्लेटांवर टिपीत. जवळचे दृश्य हवे तर सारा सरंजाम उचलून जवळ न्यावा लागे.)

दुसरी गोष्ट उजेडाची. भिंगाचे तोंड किती उघडते ते दाखविणारा अंक जितका लहान, तितका उजेड अधिक. एफझेड ८२ मध्ये हा अंक जवळच्या टोकाला २.८ आणि लांबच्या टोकाला ५.९ आहे. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर उजेड चौथाईहूनही कमी उरतो आणि संध्याकाळी चित्र हलते अथवा दाणेदार होते. याच कंपनीच्या एफझेड ३०० (२०१५) चा पल्ला २५ ते ६००, जेमतेम चोवीसपट, पण २.८ हा अंक शेवटपर्यंत टिकतो. नीट राखलेला, हातफिरता मिळाला तर मी तोच पसंत करीन.

या सर्व कॅमेऱ्यांतील चित्र टिपणारा सेन्सर साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. कित्येक महागड्या मोबाइल फोनांत आज त्याहून मोठा सेन्सर असतो. तेव्हा दिव्यांची आरास, घरातील मंगळागौर यांसाठी फोनच बरा. हे कॅमेरे उन्हातले सोबती. आणि उन्हातच मागचा पडदा दिसेनासा होतो, म्हणून डोळा लावून पाहण्याची खिडकी नसलेला कॅमेरा घेऊ नये. 'डिजिटल झूम' या शब्दाला तर भुलूच नये. तो चित्राचा मधला तुकडा कापून ताणण्याचा प्रकार आहे, आणि तो घरी बसूनही करता येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही महेश्वरला उतरलो. किल्ल्याच्या तटाशी आत्याबाईंना खुर्ची टाकून दिली. त्यांच्या मागे घाट, पात्र, नावा सारेच भिंगाच्या रुंद टोकाला सहज मावले. ते चित्र त्यांच्या देवघराशेजारी लागले आहे.

कॅमेरा आता पुतण्याकडे असतो. दर रविवारी सकाळी तो सिरपूर तलावावर पक्षी टिपायला जातो आणि त्या लांबलचक भिंगाचे तेथे चांगले चीज होते. मी चोवीसपट झूमवाल्याच्या शोधात आहे.