विश्लेषण : अवघ्या अर्ध्या टक्क्याने राष्ट्राध्यक्ष! मेक्सिकोत फेलिपे काल्देरोन यांची निवड वादग्रस्त का ठरली?

मेक्सिकोत २ जुलै २००६ रोजी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत चार कोटींहून अधिक मते पडली. उजव्या विचारांच्या ‘नॅशनल अ‍ॅक्शन पार्टी’चे (पॅन) फेलिपे काल्देरोन जिंकले, ते अवघ्या २ लाख ३३ हजार ८३१ मतांनी. म्हणजे फरक होता ०.५६ टक्क्याचा. गैरप्रकारांविरुद्ध अनेक दशके लढलेल्या पक्षावरच या निकालाने गैरप्रकाराचा आरोप झाला.

घर आणि पक्ष एकच?

काल्देरोन यांचा जन्म १९६२ मध्ये मिचोआकान राज्यातील मोरेलिया शहरात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे वडील लुईस काल्देरोन वेगा हे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ‘पॅन’च्या संस्थापकांपैकी एक आणि पक्षाचे इतिहासकार. कॅथलिक सामाजिक विचार मानणारा हा पक्ष त्या काळी हमखास हरायचा. १९२९ पासून सलग ७१ वर्षे सत्ता ‘इन्स्टिट्यूशनल रिव्होल्युशनरी पार्टी’कडे (पीआरआय) होती. पक्ष श्रीमंतांच्या बाजूने झुकतो आहे, अशी खंत बाळगत १९८१ मध्ये वडिलांनी पक्ष सोडला. मुलगा मात्र पक्षातच राहिला आणि १९९६ मध्ये पक्षाध्यक्ष झाला. बहीण लुईसा मारिया आणि पत्नी मार्गारिटा झवाला याही तेव्हा ‘पॅन’च्याच नेत्या होत्या.

उमेदवारी कशी मिळाली?

२००० मध्ये ‘पॅन’चे व्हिसेंते फॉक्स यांनी ‘पीआरआय’ची राजवट संपवली. त्यांच्या मंत्रिमंडळात काल्देरोन ऊर्जामंत्री होते. मात्र २००४ मध्ये एका सभेत त्यांचे नाव अध्यक्षपदासाठी पुढे आले. फॉक्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त करताच काल्देरोन यांनी राजीनामा दिला. फॉक्स यांची पसंती गृहमंत्री सँटियागो क्रील यांना असल्याचे मानले जात होते. तरीही २००५ मधील पक्षांतर्गत निवडणुकीत काल्देरोन यांनी क्रील यांना हरवले.

निकालाचा वाद नेमका काय होता?

मुख्य प्रतिस्पर्धी होते मेक्सिको सिटीचे माजी प्रमुख, डाव्या आघाडीचे आंद्रेस मॅन्युएल लोपेझ ओब्राडोर. ‘हा माणूस मेक्सिकोसाठी धोका आहे’ असा प्रचार ‘पॅन’ने त्यांच्याविरुद्ध चालवला. मेक्सिकोत मतदानाची दुसरी फेरी नसते. आपल्या लोकसभा मतदारसंघाप्रमाणे सर्वाधिक मते मिळवणारा विजयी. त्यामुळे जेमतेम ३६ टक्के मतांवरही अध्यक्षपद मिळाले.

फरक इतका कमी होता, की मतदानाच्या रात्री निवडणूक संस्थेने विजेता जाहीरच केला नाही. ‘एकेक मत, एकेक केंद्र’ पुन्हा मोजा, अशी मागणी करत ओब्राडोर समर्थकांनी राजधानीतील मुख्य चौक आणि रिफॉर्मा हा हमरस्ता कित्येक आठवडे अडवून धरला. निवडणूक न्यायाधिकरणाने सुमारे १ लाख ३० हजार केंद्रांपैकी ११ हजार ८३९ केंद्रांवरच फेरमोजणीचा आदेश दिला.

न्यायाधिकरण काय म्हणाले?

५ सप्टेंबर २००६ रोजी काल्देरोन यांचा विजय एकमताने वैध ठरला. पण राष्ट्राध्यक्ष फॉक्स यांची वक्तव्ये आणि उद्योजकांच्या संघटनेच्या जाहिराती यांवर न्यायाधिकरणाने ताशेरेही ओढले. या गोष्टी चुकीच्या होत्या, मात्र त्यांनी निकाल फिरला असे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. विरोधकांना तो पटला नाही. ओब्राडोर यांनी २० नोव्हेंबरला स्वतःच ‘वैध राष्ट्राध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली. १ डिसेंबरला खासदारांच्या हाणामारीत, मागच्या दाराने सभागृहात येऊन काल्देरोन यांना काही मिनिटांत शपथ उरकावी लागली.

पुढे काय झाले?

शपथविधीनंतर दहाच दिवसांनी, ११ डिसेंबरला त्यांनी आपल्याच मिचोआकान राज्यात अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवले. टोळ्या राज्यव्यवस्थाच गिळू पाहत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. काठावरच्या विजयानंतर पकड दाखवण्याची ही धडपड होती, असे टीकाकार म्हणतात. या संघर्षात हजारो माणसे मारली गेली. त्यांचे सुरक्षामंत्री गेनारो गार्सिया लुना यांना २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने टोळीकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवले.

निवडणुकीच्या वादातून एक सुधारणा मात्र घडली. रेडिओ व टीव्हीवर राजकीय जाहिरातींसाठी वेळ विकत घेण्यावर २००७ मध्ये बंदी आली.

२०१२ मध्ये ‘पॅन’ तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. २०१८ मध्ये ओब्राडोर ५३ टक्के मते घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. या वेळी फेरमोजणीची मागणी करायला कोणाला जागाच उरली नाही. त्याच वर्षी काल्देरोन यांनीही वडिलांप्रमाणेच ‘पॅन’ सोडला. पत्नीसोबत नवा पक्ष काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला, पण २०२० मध्ये त्याला नोंदणी नाकारण्यात आली.