जर्मनीत पोहोचलात? आधी 'आन्मेल्डुंग' करा!

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या सर्वांसाठी ही पोस्ट. 🇩🇪

राहत्या घरात गेल्यापासून 2 आठवड्यांच्या आत स्थानिक 'ब्युर्गरआम्ट'मध्ये (नागरिक कार्यालयात) पत्त्याची नोंदणी, म्हणजेच 'आन्मेल्डुंग', करणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर 1000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

सोबत काय न्याल?
✅ पासपोर्ट आणि व्हिसा
✅ भरलेला नोंदणी अर्ज
✅ घरमालकाने सही केलेलं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र. नुसता भाडेकरार चालत नाही, म्हणून घर ठरवतानाच हे पत्र मिळेल ना, ते विचारून घ्या.

मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. पत्ता पक्का झाला की लगेच ऑनलाइन वेळ घ्या. रद्द झालेल्या वेळा सकाळी दिसतात, तेव्हा पुन्हा पाहा.

नोंदणी झाली की टॅक्स क्रमांक काही आठवड्यांत पोस्टाने घरी येतो. पगारातून योग्य कर कापला जाण्यासाठी तो लागतो. म्हणून पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव नक्की लावा. नाव नसेल तर पत्र परत जातं.

घर बदललं तर पुन्हा नोंदणी करा, आणि देश कायमचा सोडताना 'आबमेल्डुंग' करा, म्हणजे नोंदणी रद्द करा.

निघायची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींना ही माहिती जरूर पाठवा. 🙏