छत्तीस छायाचित्रांचा अल्बम

कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक कृष्णधवल छायाचित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज खिशातला फोन तेवढ्या वेळात कितीतरी छायाचित्रे टिपतो. मधल्या काळात रोल गेला, तो धुऊन येण्याची वाट पाहणे गेले आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

एका रोलवर फार तर ३६ छायाचित्रे निघत. ती जपून काढली जात, छापली जात, अल्बममध्ये लावली जात. आता नातवंडांची हजारो छायाचित्रे फोनमध्ये आहेत. पण आजींना ती दिसतात कुठे? लहानसा चकाकणारा पडदा, बोट लागताच सरकणारे चित्र आणि त्यात मोतीबिंदू! (हौसेने घेऊन दिलेला टॅब्लेट बहुधा कपाटातच राहतो.)

स्मृतिभ्रंशात अलीकडचे विसरले जाते, तरी तरुणपणीच्या आठवणी पुष्कळदा दीर्घकाळ टिकतात. अशा वेळी बोलणे सुरू करायला जुनी छायाचित्रे फार उपयोगी पडतात. फोनमधली आणि ट्रंकेतली मिळून छत्तीसच निवडावीत. चकाकी नसलेल्या कागदावर, मोठ्या आकारात छापून घ्यावीत. एका पानावर एकच छायाचित्र, खाली ठळक अक्षरांत नाव, नाते, गाव.

‘हे कोण, ओळखा पाहू’ अशी परीक्षा मात्र घेऊ नये. आठवले नाही की माणूस ओशाळतो. ‘आई, हे भाऊकाका, तुमच्या लग्नातले,’ असे आपणच सांगून थांबावे. पुढचे कदाचित त्याच सांगतील. तपशील चुकला, तरी दुरुस्त करू नये.